आमची वाटचाल : आधी तरतूद, मग नफा

आमचा व्यवसाय सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनवर सुटे भाग बनवण्याचा. पहिल्यापासून एक नियम पाळला: महिन्याचा नफा काढण्याआधी पुढच्या मशीनचे पैसे बाजूला काढायचे. आणि ते घसाऱ्याच्या (मशीनच्या झिजेपोटी दरवर्षी हिशेबात धरायच्या खर्चाच्या) आकड्याइतकेच काढून भागत नाही.

घसारा जुन्या खरेदी किमतीवर निघतो, नवं मशीन मात्र त्या वेळच्या भावाने घ्यावं लागतं. किंमत 100 धरा, आयुष्य 10 वर्षं. भाव वर्षाला 6 टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी तेच मशीन 179 ला पडतं. दरवर्षी 10 बाजूला काढून त्यावर 6 टक्के व्याज मिळालं, तरी जमतात 132. म्हणजे वर्षाला 13.6 काढायला हवेत. आमचा मशीन-तासाचा दर याच आकड्यावरून ठरतो. त्यापायी काही ऑर्डरी हातच्या जातात, जाऊ द्याव्यात. हा फरक दरात धरला नाही, तर मशीन बदलायच्या वेळी कर्जाशिवाय इलाज उरत नाही.

तरतुदीचा पैसा मुदत ठेवीतच राहतो, जमिनीत जात नाही. जपानची कोंगो गुमी ही मंदिरं बांधणारी कंपनी इ.स. 578 पासून चालत आलेली. 1980 च्या दशकात जमिनींत पैसा घातला, पुढे भाव कोसळले, कर्ज डोईजड झालं आणि 2006 मध्ये ती दुसऱ्या समूहाच्या ताब्यात गेली.

एका ग्राहकाकडे 25 टक्क्यांहून जास्त विक्री जाऊ देत नाही. निम्मी विक्री एकाकडेच असेल आणि त्याने बिल 30 दिवस लांबवलं, तर 15 दिवसांच्या विक्रीइतके पैसे अडकतात. पगार थांबवता येत नाहीत.

मशीन ठरल्या आयुष्यभर टिकलं तरच वरचा हिशेब खरा. आमच्या कामाला पाण्यात कूलंटचं (धातू कापताना थंडावा देणाऱ्या तेलाचं) प्रमाण 6 ते 8 टक्के लागतं. चिप्स (कापून निघालेला धातूचा कीस) आणि जॉबबरोबर (मशीनवर घडवलेल्या भागाबरोबर) तेल वाहून जातं. घाईत टाकीत नुसतं पाणी ओतलं की मिश्रण पातळ होतं, मग जॉबवर गंज चढतो आणि टाकीला कुबट वास येतो. म्हणून दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणातलं प्रमाण मोजायच्या उपकरणाने) तपासणी होते. रीडिंगला त्या कूलंटच्या माहितीपत्रकातल्या गुणकाने गुणावं लागतं, हे बरेचजण विसरतात.

प्रत्येक जॉबचं सेटिंग किमान दोघांना यावं लागतं. टूल नंबर, ऑफसेट (टूल आणि जॉबच्या जागेची मशीनला द्यायची मापं), क्लॅम्पिंगची (जॉब पकडण्याची) जागा आणि पहिल्या जॉबची मापं सेटिंग शीटवर लिहिल्याशिवाय बॅच सुरू होत नाही.