तुम्ही विचारलंत म्हणून: डॅकमध्ये आधी काय बदलायचं?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "सर, डॅक घेतलाय. आता त्यात ऑपॅम्प कुठला टाकू?" डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा परत आवाज करणारा डबा, आणि ऑपॅम्प म्हणजे त्यातला आवाजाचा सिग्नल पुढे पोचवणारी छोटी चिप. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो, सोल्डरिंग आयर्न नवंकोरं आणि भारी ऑपॅम्पच्या किमती तोंडपाठ. मी म्हणतो, संध्याकाळी आठ वाजता गाणं थांबव, आवाजाचं बटण निम्म्याच्या वर ने आणि स्पीकरला कान लाव. त्याचा चेहरा पडतो. मग मला चाचांची गोष्ट सांगावी लागते.

माझा डॅक सांगलीतच सेकंडहँड घेतलेला. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज, त्यातल्या लाटा सपाट करणारा मोठा फिल्टर कंडेन्सर (तुमच्या पिढीचा कपॅसिटर) आणि डिजिटल भागाला स्थिर पाच व्होल्ट देणारी 7805 ही रेग्युलेटर चिप. एका संध्याकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक चाचा घरी आले होते. त्यांच्याच दुकानात बसून मी त्यांच्या एका काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. कौतुकानं तेच लावलं. चाचांनी थोडं ऐकलं आणि बशी खाली ठेवली.

"सर, कुणी लावलाय हा? पंचम उतरलाय."

"चाचा, तुमचाच आहे."

"माझा?" त्यांनी पुन्हा कान दिला. "मी असा हातातून सोडीन?"

त्यांना ते लागलंच. मलाही काही सुचेना.

रात्री हिशेब मांडला. काळी एकच्या तंबोऱ्यात मंद्र पंचम साधारण 104 हर्ट्झवर असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, पण ब्रिजमधून बाहेर पडताना तिची लाट दुप्पट होते, म्हणजे 100. माझ्या स्पीकरमधून पंचमाच्या जरासं खाली एक पाचवी तार अखंड वाजत होती, आणि दोन्हींच्या फरकानं सेकंदाला चारेक हेलकावे उठत होते. आणि मी महिनाभर लोकांना सांगत होतो, बघा, तारेची आस, तिचा रेंगाळणारा नाद, कशी डोलते!

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर घरघर गायब. दुपारीही नाही. संध्याकाळी परत हजर. तेव्हा भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावला. सकाळी 232 व्होल्ट होते, संध्याकाळी आमच्या डीपीवर सगळ्यांचं सगळं सुरू झालं की 190.

मग फिल्टर कंडेन्सर काढून मोजला. अंगावर 2200 मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर जेमतेम 700. 7805 च्या हीट सिंकला, म्हणजे तिची उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याला, खेटून बसून बसून आतून वाळला होता. इथं थोडं गणित करा, मजा येते. कंडेन्सरवरचा व्होल्टेज दर लाटेला किती खाली येतो, तर करंट भागिले (शंभर गुणिले कपॅसिटन्स). माझा डबा 200 मिलिअँपिअर खातो. 2200 ला हा खड्डा एक व्होल्टाच्या आत राहतो, 700 ला जवळजवळ तीन व्होल्टांचा होतो. 9 व्होल्टांच्या ट्रान्सफॉर्मरवर सकाळी कंडेन्सरला सव्वाअकरा मिळतात, त्यातून तीन गेले तरी आठ उरतात. संध्याकाळी मिळतात नऊच. तीन वजा केले की सहा, आणि 7805 ला पाच द्यायला किमान सात तरी हवेत. तिथं ती सेकंदाला शंभर वेळा गुडघे टेकत होती.

नवा कंडेन्सर 2200 चाच घेतला, 25 व्होल्टांचा आणि 105 अंशांचा. 85 चा स्वस्त पडतो, पण गरम जागी तो घेऊ नका. हीट सिंकपासून बोटभर लांब बसवला. खर्च पन्नासच्या आत.

तुम्ही करणार असाल तर प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या कंडेन्सरमधली वीज रेझिस्टर लावून उतरू द्या. कंडेन्सरच्या अंगावरच्या पट्टीची बाजू उणे असते, ती उलटी बसली तर कंडेन्सर फुगतो, कधी फुटतो. बोर्डवरचा तांब्याचा पट्टा उखडू नये म्हणून आयर्न एका जागी जास्त वेळ धरू नका. ट्रान्सफॉर्मरच्या 230 च्या बाजूला मात्र हौस म्हणून हात घालू नका. आणि घरघर घालवायला तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर स्पीकरची घरघर थांबत असेल तर दोष डॅकचा नाही, अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याचा. लॅपटॉपला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ती केबल लावा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, अर्थिंग जात नाही.

राहिला ऑपॅम्प. तोही बदलून पाहिला, खोटं कशाला सांगू. एनई5532 काढून सॉकेटमध्ये ओपीए2134 बसवला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो की पडदा उठला. मग बायको म्हणाली, "अहो, मी बदलते, तुम्ही ओळखा." तिला खाचेची बाजू दाखवली, मी बाहेरच्या खोलीत. दहा वेळा लावलं, मी पाच वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तेव्हापासून घरात माझ्या कानाचा विषय निघाला की ती हाताची पाच बोटं दाखवते. दोन्ही चिप आता डब्याबाहेर बशीत आहेत, आत तिसरीच आहे; कुठली ते मी मुद्दाम बघितलेलं नाही.

आउटपुटचे कंडेन्सर? वाळले असतील तर बदला, नसतील तर राहू द्या. अॅम्पचा इनपुट 47 किलोओहमचा असेल तर 2.2 मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर दीड हर्ट्झपर्यंत पुरतो. त्याखाली कुठलंही वाद्य नाही.

कंडेन्सर बदलल्यावर चाचांना मुद्दाम बोलावलं. वेळ मुद्दाम आठची. तेच रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पंचम बरोबर आहे," ते म्हणाले.

मी मीटर उचलून खोक्यात ठेवायला लागलो.

"पण जोडाच्या दोन तारांतली एक जरा चढी आहे, सर. घरघरीखाली झाकली होती." थोडं थांबून म्हणाले, "ती मात्र माझीच."