निदा : वाळूने घडवलेले बाल्टिक किनाऱ्यावरचे गाव

लिथुएनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात एक अरुंद वाळूचा पट्टा लांबवर पसरलेला आहे. त्याला कुरोनियन पट्टी म्हणतात. तिची एकूण लांबी 98 किलोमीटर असून रुंदी काही ठिकाणी जेमतेम 400 मीटर भरते. उत्तरेकडचा भाग लिथुएनियाचा आणि दक्षिणेकडचा रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताचा आहे. लिथुएनियाच्या हद्दीतील अगदी शेवटचे गाव म्हणजे निदा. येथून रशियाची सीमा तीन-चार किलोमीटरच आहे. पट्टीच्या पश्चिमेला बाल्टिक समुद्र आहे, तर पूर्वेला जवळजवळ गोड्या पाण्याचा विस्तीर्ण कुरोनियन लगून (पट्टीमुळे समुद्रापासून अलग झालेला उथळ जलाशय) आहे. या संपूर्ण पट्टीला 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

येथे जाऊ इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निदा समुद्रकाठचे गाव म्हणून प्रसिद्ध असले तरी ते समुद्राकडे पाठ करून लगूनच्या काठी वसलेले आहे. समुद्र पाहायचा तर पाइनच्या जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते किंवा सायकल घ्यावी लागते. खोलीच्या खिडकीतून लाटा दिसतील या अपेक्षेने येणाऱ्यांचा विरस होतो; मात्र संथ पाणी आणि मोकळा समुद्र या दोन्हींचा अनुभव एकाच दिवसात पायी घेता येतो, हेच या गावाचे वैशिष्ट्य आहे.

निदाला पोहोचण्यासाठी आधी क्लाइपेडा हे बंदराचे शहर गाठावे. राजधानी विल्नियसहून तेथे रेल्वेने साधारण चार तास लागतात. क्लाइपेडात फेरीबोटींचे दोन धक्के आहेत आणि येथेच नवख्यांचा गोंधळ उडतो. जुन्या शहराजवळच्या धक्क्यावरून पादचारी आणि सायकलस्वार जातात, तर मोटारींसाठीचा नवा धक्का तेथून बराच दक्षिणेला आहे. त्यामुळे टॅक्सीत बसताना कोणत्या धक्क्यावर जायचे आहे, हे स्पष्ट सांगावे. दहाएक मिनिटांत बोट पलीकडे स्मिल्तिनेला लागते आणि तेथून निदाची बस जंगलातून सुमारे तासाभरात पोहोचवते. स्वतःची किंवा भाड्याची मोटार नेणाऱ्यांना वाटेत अल्क्स्निने येथे प्रवेशकर भरावा लागतो आणि ऐन उन्हाळ्यात त्याचा दर वाढतो. गाव लहान आहे आणि सायकलींसाठी उत्तम वाटा आहेत, हे पाहता मोटार क्लाइपेडातच ठेवणे शहाणपणाचे वाटते.

पार्निदिस टेकडी हे निदाचे मुख्य आकर्षण आहे. ही 52 मीटर उंचीची वाळूची टेकडी गावाच्या दक्षिण टोकाला आहे. गावातून लगूनच्या काठाने चालत गेल्यास लाकडी पायऱ्यांची वाट वर नेते. चढ दमवणारा आहे, पण मध्ये टेकायला जागा आहेत. माथ्यावर ग्रॅनाइटचा उंच स्तंभ असलेले सूर्यघड्याळ आहे. 1995 साली उभारलेल्या या घड्याळाची 1999च्या चक्रीवादळात मोडतोड झाली आणि पुढे 2011 मध्ये ते पुन्हा पूर्ण करण्यात आले. त्यासाठी हीच जागा निवडण्यामागचे कारण माथ्यावर उभे राहिल्यावरच कळते : येथून सूर्य लगूनच्या पाण्यातून उगवताना आणि समुद्राच्या पाण्यात मावळताना दिसतो. जूनअखेरीस सूर्यास्त रात्री दहानंतर होत असल्यामुळे जेवण उरकून निवांत वर जाता येते. दुपारी मात्र जाऊ नये. त्या वेळी सहलीच्या बसगाड्या आलेल्या असतात आणि वाळूवरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना सहन होत नाही.

माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले की झाडाझुडपांविना पसरलेल्या पिवळट वाळूचे दृश्य दिसते आणि आपण युरोपच्या उत्तरेला आहोत यावर क्षणभर विश्वास बसत नाही. 1965 साली फ्रेंच लेखक-विचारवंत ज्याँ-पॉल सार्त्र आणि सिमोन द बोव्हार येथे आले होते. त्या वेळी अंतानास सुत्कुस या लिथुएनियन छायाचित्रकाराने वाळूवरून वाऱ्याला तोंड देत चालणाऱ्या सार्त्रचे काढलेले छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. आज त्यांच्यासारखे वाटेल तिकडे चालण्याची मुभा नाही. आखून दिलेली वाट सोडून उतारावर गेल्यास वाळू खाली घसरते आणि वाऱ्याने आधीच झिजणाऱ्या टेकडीची उंची आणखी कमी होते. म्हणून दोरखंड ओलांडणाऱ्यांना दंड केला जातो. छायाचित्रासाठी दोन पावले बाहेर टाकणारे पर्यटक तरीही पावलोपावली दिसतात. आपण त्यांत नसावे.

या वाळूची कथा समजून घेतल्याशिवाय निदाचे दर्शन अपुरे राहते. पूर्वी या पट्टीवर दाट जंगल होते. विशेषतः अठराव्या शतकात त्याची बेसुमार तोड झाली, वाळू मोकळी सुटली आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत तिने एकामागून एक गावे गिळली. गाडल्या गेलेल्या गावांची संख्या चौदा सांगितली जाते. खुद्द निदालाही आपली मूळ जागा सोडून सध्याच्या ठिकाणी यावे लागले. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या बाजूने वाळूचा बांध घालून त्यामागे बुटक्या पर्वतीय पाइनची लागवड पद्धतशीरपणे करण्यात आली. आज आपण ज्या गर्द सावलीतून समुद्राकडे जातो ते रान माणसांनी लावलेले आहे. कोकणात पुळणीलगत सुरूची बने लावण्यामागेही वारा अडवण्याचा आणि वाळू धरून ठेवण्याचा हाच विचार होता. येथे तो गावांच्या अस्तित्वाचा प्रश्न होऊन बसला होता, एवढाच फरक.

टेकडीनंतर पाहण्यासारखे ठिकाण म्हणजे जर्मन लेखक थोमास मान यांचे घर. हा भूभाग पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांताचा हिस्सा होता आणि त्यानंतरही जर्मन चित्रकारांचा येथे राबता होता. लोविस कोरिन्थ, माक्स पेखश्टाइन यांच्यासारखे कलावंत हेर्मान ब्लोडे यांच्या खानावळीत उतरत. मान 1929च्या उन्हाळ्यात येथे आले आणि जागा आवडल्याने त्यांनी लगूनकाठच्या उंचवट्यावर गवताने शाकारलेल्या छपराचे घर बांधून घेतले. 1930 ते 1932 असे तीनच उन्हाळे त्यांना येथे घालवता आले. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ते देशाबाहेर राहिले आणि पुढे हे घर नाझी नेता गोरिंगने बळकावले. आता तेथे छोटे संग्रहालय असून दर जुलैमध्ये मान यांच्या नावाने महोत्सव भरतो. मराठी वाचकाला या लेखकाचा एक धागा ओळखीचा वाटेल. दोन मित्रांची डोकी बदलल्याच्या आपल्याकडील वेताळकथेवर मान यांनी पुढे एक लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कर्नाडांनी तिचाच आधार घेऊन रचलेले ‘हयवदन’ मराठी रंगभूमीवरही आले. संग्रहालयातील वस्तू फार नाहीत. अर्ध्या तासात त्या पाहून होतात. खरी गोडी अंगणात उभे राहून पाइनच्या फांद्यांतून दिसणाऱ्या निळ्या पाण्यात आहे, आणि त्यासाठी तिकिटाचे पैसे नक्कीच वसूल होतात.

गावात फिरताना तांबूस-तपकिरी भिंती आणि निळ्या-पांढऱ्या चौकटी असलेली कोळ्यांची लाकडी घरे लक्ष वेधून घेतात. त्यांपैकी एक घर संग्रहालय म्हणून जतन केले आहे. खांबांवर फडकणारी रंगीत लाकडी वातकुक्कुटे (वाऱ्याची दिशा दाखवणारी निशाणे) पर्यटकांसाठी केलेली सजावट वाटतात, पण त्यांचा उगम सरकारी नियमात आहे. 1844 साली लगूनमधील मासेमारीवर नजर ठेवणे सोपे जावे म्हणून प्रत्येक गावाच्या होड्यांना ठरावीक रंगाची निशाणी लावणे सक्तीचे झाले. पुढे कोळ्यांनी त्या निशाणीभोवती घरे, माणसे, झाडे कोरून तिला शोभा आणली. वीटकामाच्या 1888 सालच्या चर्चमागे जुनी दफनभूमी आहे. तेथे क्रुसाऐवजी पक्षी, पाने किंवा घोड्याच्या मस्तकांचे आकार कापलेल्या लाकडी फळ्या दिसतात. त्या मृताच्या उशाशी नव्हे, तर पायांशी रोवल्या जातात. अंतिम निवाड्याच्या दिवशी त्यांना धरून उठता यावे, अशी यामागची समजूत सांगतात. या ठिकाणी फारसे कोणी येत नाही, आणि माझ्या मते टेकडीच्या खालोखाल वेळ द्यावा तो येथेच.

समुद्रकिनारा रुंद, स्वच्छ आणि मऊ वाळूचा आहे. पाणी मात्र भर उन्हाळ्यातही आपल्या मानाने गार असते. किनाऱ्याचे काही भाग केवळ महिलांसाठी, तर काही विवस्त्र स्नानासाठी राखून ठेवलेले आहेत. कुटुंबासह जाणाऱ्यांनी वाटेवरच्या पाट्या पाहूनच वळावे.

खाण्याच्या बाबतीत मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. लगूनमधील मासे धुरावर भाजून गावोगावी विकले जातात आणि त्यांत ईल सर्वांत महाग असतो. शाकाहारी माणसाने शाल्तिबार्श्चेई हे गुलाबी थंड सूप मागवावे. बीट, काकडी आणि शेपू घातलेल्या या सूपाची चव आपल्याकडच्या ताकातल्या कोशिंबिरीच्या जवळची आहे. सोबत गरम बटाटे येतात. त्यात उकडलेले अंडे घालण्याची पद्धत असल्याने ते नको असल्यास आधीच सांगावे. बटाट्याची धिरडीही सर्वत्र मिळतात, पण आत मांस भरलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. हंगामात गावातील उपाहारगृहे बरीच महाग पडतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन किराणा क्लाइपेडातून नेला तर खर्च आटोक्यात राहतो.

क्लाइपेडाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याचा बेत अनेक जण करतात. तो टाळून किमान दोन रात्री मुक्काम करावा, कारण पहाट आणि उशिराची संध्याकाळ हेच निदाचे सर्वोत्तम प्रहर आहेत. दुसरा दिवस पट्टीवरच्याच उत्तरेकडील यूओदक्रान्ते गावासाठी ठेवावा. सायकलवाट सुमारे 30 किलोमीटरची आहे, आणि एका बाजूने सायकलने जाऊन परत बसने यायचे असल्यास बसमध्ये सायकल घेतात की नाही, याची चौकशी आधीच करावी. वाटेत नाग्लियाई अभयारण्यात लाकडी फळ्यांच्या वाटेवरून करड्या टेकड्यांपर्यंत जाता येते. त्यासाठी वेगळे तिकीट आहे. यूओदक्रान्तेत 1979 पासून घडवलेली लोककथांतील भुताखेतांची लाकडी शिल्पे ‘चेटकिणींच्या टेकडीवर’ जंगलात उभी आहेत. मुलांना ती फार आवडतात. मोठ्यांना सगळी पाहण्याचा आग्रह नसावा.

जून ते ऑगस्ट हा हंगाम असून जुलैत खोल्या महिनोनमहिने आधीच भरतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी ओसरते आणि हवा बऱ्यापैकी टिकून असते. वारा मात्र कधीही सुटतो, त्यामुळे उन्हाळ्यातही एक वाराप्रतिबंधक जाकीट जवळ असावे. जंगलात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वराचा धोका संभवतो. पायघोळ पँट घालावी, फिरून आल्यावर अंग तपासावे आणि दीर्घ मुक्काम असल्यास लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. लिथुएनियात 2015 पासून युरो चलन आहे आणि शेंगेन व्हिसा चालतो. परतीच्या दिवशी निदाहून निघणारी बस आणि स्मिल्तिनेची फेरीबोट यांच्या वेळा आदल्या दिवशीच जुळवून पाहाव्यात, कारण हंगामाबाहेर दोन्ही विरळ होतात आणि क्लाइपेडातली विल्नियसची गाडी कोणासाठी थांबत नाही.