चिपाड, कोकोपीट आणि पुन्हा चिपाड

सकाळी आठच्या आत फोन वाजला की आमचे मिस्टर चहाचा कप खाली न ठेवताच म्हणतात, "अळ्या." दहातल्या आठ वेळा त्यांचं बरोबर निघतं. पलीकडून घाबऱ्या आवाजात कुणीतरी सांगत असतं, "वहिनी, डब्यात अळ्या झाल्यात. चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या. सगळं टाकून देऊ का?" मी एवढंच विचारते, "सुकं किती घातलं?" सुकं म्हणजे ओल्या कचऱ्यावर टाकायचा वाळका चुरा. मग पलीकडे शांतता.

त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या असतात. चावत नाहीत, काही नाही. उलट आठवड्याचा कचरा दोन दिवसांत फस्त करतात. पण त्या आल्या म्हणजे डबा ओला झालाय, एवढं नक्की. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचे डबे आणि गच्चीवरच्या कुंड्या भरायला लागणारा माल, असा आमचा कोल्हापुरातला छोटासा धंदा. इतक्या वर्षांत लोकांना मी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, सुकं किती घातलं. आणि खरं सांगायचं तर तो आम्हाला स्वतःलाच फार उशिरा कळला.

सुरुवात आत्यांपासून करावी लागेल. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. कोल्हापुरात प्रा. श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार होता, त्या काळात आत्या त्यांच्या बैठकांना जाऊन बसायच्या. सर गणिताचे. पानं किती, ऊन किती पडतं, ह्याचा हिशेब मांडून ते शेती समजावून सांगायचे. आत्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशेब त्यांना पक्का समजला. गच्चीवर तेलाचे डबे, फुटक्या घागरी, जुन्या पाट्या मांडून त्यांनी वांगी, दोडका, घेवडा, अळू, सगळं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा नव्हती.

त्या डब्यांत माती असायची जेमतेम दोन ओंजळी. बाकी सगळं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. रसवंतीवाल्याकडून आणायचं, कोयत्यानं तुकडे करायचे, शेणकाल्यात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणात, बुडवायचं आणि भरायचं. ओल्या मातीचं वजन घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास जातं. घनफुटाच्या वीस कुंड्या मातीनं भरल्या की जुन्या स्लॅबवर एक टनाचा भार. चिपाड हलकं. ह्या गोष्टीचं महत्त्व मला तेव्हा काडीचंही कळलं नव्हतं. मला त्यावरच्या मुंग्यांचा तेवढा राग यायचा.

मिस्टरांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. फाउंड्रीवाल्यांची जॉबवर्कची कामं. मंदीचा फेरा आला की फाउंड्रीला सर्दी आणि आम्हाला न्यूमोनिया, अशी गत. अशाच एका रिकाम्या महिन्यात आत्यांनी त्यांना सांगितलं, "नुसता बसलायस, तर मला कचरा कुजवायला चांगला डबा करून दे. कुंडीत टाकला की कावळं उकरत्यात." त्यांनी जुन्या बॅरलचा केला. शेजारच्या काकूंनी मागितला, मग त्यांच्या बहिणीनं. तिथून आम्ही धंद्यात पडलो. 'पडलो' हाच शब्द बरोबर आहे.

पहिल्या डब्याला भोकं फक्त वरच्या अंगाला होती. तळाला पाणी साचलं, हवा खेळेना, आणि आठव्या दिवशी वास सुटला. राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाईकानं तो भरलेला डबा रिक्षात घालून वर्कशॉपवर परत आणला. पैसे परत मागितलेच, वर रिक्षाचं भाडंही घेतलं. रिक्षावाला आजही रस्त्यात दिसला की हात करतो. मग तळापासून वर चार इंचांवर जाळी, खाली नळ, बाजूला बारीक भोकं असं करत करत तिसऱ्या नमुन्यात डबा जमला. दोन डब्यांची जोडी द्यायची: एक भरायचा, तो भरला की बाजूला ठेवून दुसरा सुरू करायचा. आमच्या घरचा कचरा महिनाभर वजन करून बघितला होता, पाच माणसांचा दिवसाला किलोभर. त्या मापानं डबा काढला.

२०१६ साली केंद्राचे घनकचऱ्याचे नवे नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं सगळ्यांना लागू झालं, आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओल्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावावी, असं ठरलं. एकदम अपार्टमेंटवाल्यांचे फोन. कमिटीची माणसं यायची, डबा ठोकून बघायची, "रंग बदलून मिळंल का?" विचारायची. डब्यात काय होतं हे विचारणारा क्वचित. आम्हीही सांगत बसलो नाही, डबे विकत राहिलो. ह्यातले अर्धे डबे सहा महिन्यांत जिन्याखाली गेले असणार. एका इमारतीत आमच्या डब्यात क्रिकेटच्या बॅटी ठेवलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या.

ह्याच दरम्यान आम्ही कुंड्या भरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकायला लागलो. तामिळनाडूत पोल्लाची हे नारळाच्या काथ्याचं मोठं ठिकाण, तिथून ट्रकनं पाच-पाच किलोचे ठोकळे यायचे. एका ठोकळ्यावर हळूहळू पाणी ओतलं की फुगून मोठं टोपलं भरतं. स्वच्छ, तपकिरी, मुंगी नाही, वास नाही. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश, कारण डब्यापेक्षा त्यात चार पैसे जास्त सुटायचे. आत्या मात्र तोंड वाकडं करून म्हणाल्या, "नारळाचा भुसा तामिळनाडूतनं आणायचा, आणि इथली उसाची पाचट रानात जाळायची. शहाणपण म्हणायचं हे!" मी कानाआड केलं. एकदा खराब माल आला, न धुतलेला, खारट. त्यात लावलेल्या गुलाबांच्या पानांच्या कडा करपल्या. मालवाल्यानं हात वर केले, आम्ही रोपांचे पैसे भरून दिले. तरीही कोकोपीट सोडलं नाही.

ते पंचगंगेनं सोडवलं.

गोडाऊन जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, भाड्यानं स्वस्त मिळालेलं. ऑगस्ट २०१९. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीला फूग आली की नाला उलटा वाहतो. दोन दिवस आधी मिस्टरांनी डबे माळ्यावर चढवले. ठोकळे मात्र खालीच ठेवले, कारण "ते काय, वाळवले की झालं." सव्वाचारशे ठोकळे, थप्पी लावून, शटरला टेकवून.

पुराचं पाणी दार ठोठावत येत नाही, खालून झिरपतं. सव्वाचारशे ठोकळे एका बंद खोलीत एकाच वेळी फुगले. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तर शटर बाहेर आलेलं, गरोदर बाईच्या पोटासारखं. पट्ट्या खाचांतून निसटलेल्या. मधली विटांची भिंत चिरलेली. आत गळ्यापर्यंत काळपट लगदा, त्यात गटाराचं पाणी, गाळ, कुणाची तरी चप्पल. मी रडायला लागले आणि मिस्टर हसायला लागले. दोघांचं कारण एकच असावं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, नवा माल येणार कुठून?

तो लगदा उपसायला आठ दिवस गेले. कर्ज झालं, त्याचे आकडे इथे लिहीत नाही. पण पुढच्या महाशिवरात्रीनंतर, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज सुरू झाला तशी मी चिपाड आणायला पिशवी घेऊन नाही, टेम्पो घेऊन बाहेर पडले.

चिपाड गुऱ्हाळावर मिळत नाही, हे आधी सांगते, कारण सगळे तोच सल्ला देतात. गुऱ्हाळवाला आपलं चिपाड वाळवून चुलवाणात घालतो, काहिलीखाली त्याच्याशिवाय जाळ कशाचा? साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे तिथलं चिपाड, बॉयलरला जातो. उरतं ते शहरातल्या रसवंत्यांचं. त्यातलं थोडं म्हशीवाले उचलतात, बाकी संध्याकाळी घंटागाडीत जातं. दुसरा माल म्हणजे पाचट: ऊस तुटल्यावर रानात वाळक्या पानांचा जाडजूड थर पडतो आणि बरेच जण काडी लावतात. करवीरच्या दोन-तीन शेतकऱ्यांना आम्ही सांगितलं, लावू नका, आम्ही उचलतो. एक म्हणाला, "वहिनी, निम्मी न्या. निम्मी मी सरीत कुजवतो, रान भुसभुशीत राहतंय." आम्हाला ती निम्मीही पुरते.

वर्कशॉपमध्ये आता जुनी कडबाकुट्टी आहे. आत्यांच्या कोयत्याचं काम ती करते. ताजं चिपाड तसंच विकलं तर साखरेमुळे आंबतं आणि मुंग्या येतात, तेव्हा मला राग यायचा तो हाच प्रकार. म्हणून कुट्टी केली की टाकीत भिजत घालायची, गोड पाणी काढून टाकायचं, पसरून वाळवायचं. डब्यात घालायचं सुकं इथेच तयार झालं. कुंडी भरायची असेल तर पुढे शेणकाल्यात, वर पोतं टाकून, दीड-दोन महिने मुरवायचं. शेण गंगावेशीतल्या एका गवळ्याकडून येतं. पावसाळ्यात वाळवणीचं गणित कोसळतं, म्हणून मे अखेरपर्यंत चार महिन्यांचा साठा करून ठेवतो. आता वरच्या मजल्यावर! २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा खाली फक्त कडबाकुट्टी होती, आणि तीसुद्धा मोटर काढून.

डब्यात हे सुकं का लागतं? जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला (कार्बन) १ भाग नत्र (नायट्रोजन) असं जेवण मानवतं. भाजीची देठं, उरलेला भात ह्यांत नत्र भारी आणि पाणी भरपूर. चिपाडात कर्ब नत्राच्या शंभर पटीच्याही वर. एक वाटी ओलं टाकलं की वर एक वाटी सुकं, पावसाळ्यात दीड. एवढंच. आंबट ताकाचा हबका मारला तर सुरुवात लवकर होते, पण ताक नाही म्हणून काही अडत नाही. हे पहिल्याच वर्षी प्रत्येक डब्याबरोबर सांगितलं असतं तर बॅटी ठेवायला डबे उरले नसते.

आता डब्याबरोबर सुक्याचं एक पोतं सक्तीनं देतो. काही जण चिडतात, "जबरदस्ती आहे का?" आहे. ज्यांच्या दारात वड, पिंपळ, बदाम, कसलंही पान गाळणारं झाड आहे, त्यांना पोतं देत नाही. पाला गोळा करा, चुरा करून भरून ठेवा, पैसे वाचवा असं सांगते. मिस्टरांना हे पटत नाही. असो. डब्याची विक्री पूर्वीपेक्षा कमी आहे, सुक्याची दर महिन्याला ठरलेली आहे, आणि घर त्यावर चालतं.

तयार खत आम्ही विकत नाही, हे पुष्कळांना कोड्यात टाकतं. खत म्हणून पिशवीत भरून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो: ओलावा, कर्ब-नत्राचं प्रमाण, जड धातू, सगळं ठरलेल्या मर्यादेत हवं, परवाना हवा. आम्ही दोघं आणि हाताखाली तीन पोरं, त्या वाटेला जात नाही. ज्याच्या घरात झालं, त्यानं आपल्या कुंडीत घालावं. जास्त झालं तर शेजाऱ्याला द्यावं. मटणाची हाडं, नारळाच्या करवंट्या आणि दोऱ्यासकट हार डब्यात टाकू नये. गणपतीनंतर हारातले प्लॅस्टिकचे मणी वेचत बसायची पाळी येते.

आत्या आता गच्चीवर चढत नाहीत, गुडघे दुखतात. खाली ओसरीत बसून कुट्टी चाळतात, जाड तुकडे वेगळे काढतात, आणि गिऱ्हाईक आलं की मी तोंड उघडायच्या आधी त्याच विचारतात, "डबा उघडल्यावर हाताला ओलं लागतंय का रे?"

रिकामं पोतं परत आणलंत तर पुढच्या भरतीला दहा रुपये कमी. फोन आठच्या नंतर केलात तर मेहेरबानी.