जावक रजिस्टरातली ती ओळ

आषाढीचा दुसरा दिवस, १८ जुलै २०२४. पंढरपूरला गेलेली माणसं अजून परतायची होती, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दहाच्या सुमारास एक कालवा निरीक्षक टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात कॅरीबॅग, तिच्यात सेवापुस्तकाची झेरॉक्स.

"भाऊसाहेब, जाहिरात काही सापडंना. समदं घर उलटंपालटं केलं."

पाटबंधाऱ्याच्या आस्थापना शाखेत माझी सव्वीस वर्षं गेली. त्याला काय हवंय ते लगेच कळलं. ३१ ऑक्टोबर २००५ ला शासन निर्णय निघाला आणि १ नोव्हेंबरपासून जो रुजू झाला तो जुन्या पेन्शनमधून बाहेर पडला. माझ्यासारखा १९९८ चा माणूस निवृत्त झाला की मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, माझ्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. त्याच्या पगारातून मात्र १० टक्के कपात, शासनाचे आधी १० आणि पुढे १४ टक्के, आणि शेवटी बाजार देईल ते. त्याच कालव्यावर, त्याच उन्हात आम्ही दोघांनी काम केलेलं. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर आम्ही एकाच मांडवात बसलो, तेव्हा माझं पेन्शन पक्कं होतं आणि त्याचं नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हाही सलत होती.

मग २ फेब्रुवारी २०२४ चा निर्णय आला. भरतीची जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल, पण रुजू नंतर झाला असेल, तर एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय देता येईल. मुदत सहा महिने. म्हणजे त्याच्या हातात आता दोन आठवडे उरले होते आणि जाहिरातीचा पुरावा नव्हता. वैयक्तिक नस्तीत नियुक्ती आदेश होता, वैद्यकीय प्रमाणपत्र होतं, जाहिरात नव्हती.

रेकॉर्ड रूमची किल्ली घेऊन आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. पत्रे गळत होते, खालच्या रॅकमधले गठ्ठे ओलसर. भरतीचे कागद कुठल्या फडक्यात बांधलेत हे सांगणारा मोठा बाबू केव्हाच निवृत्त झालाय. लाल फडकं सोडायचं, चाळायचं, पुन्हा बांधायचं. दुपारी अडीचपर्यंत आम्ही जेवलोही नाही. शेवटी पाणीपट्टीच्या थकबाकीच्या गठ्ठ्यात भरतीची फाईल निघाली. कडांना कसर लागलेली, पण आत कात्रण शाबूत. डिंकाने कोऱ्या कागदावर चिकटवलेलं, पिवळं पडलेलं, वर कुणीतरी शाईनं तारीख घातलेली, ऑगस्ट २००५. पदांच्या रकान्यात 'कालवा निरीक्षक' हे शब्द त्यानं बोटानं वाचले. दोनदा वाचले. मग तिथंच पोत्यावर बसून राहिला.

प्रस्ताव पक्का व्हावा म्हणून नियुक्ती आदेशाचा जावक क्रमांक पडताळायचा होता. २००५ चं जावक रजिस्टर काढलं. आदेशावर सही २७ ऑक्टोबरची. रजिस्टरात रवानगी ९ नोव्हेंबर. आणि अक्षर माझं.

मी तेव्हा बारनिशीला, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलावर होतो, हे विसरलोच होतो. पान बघितलं आणि सगळं आठवलं. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. टपालाची शासकीय तिकिटं संपलेली, नवीन तिकिटांना रक्कम मिळाली नव्हती. जी पोरं गावातलीच होती ती ऑफिसात येऊन आदेश हातोहात घेऊन गेली आणि ३१ तारखेच्या आत रुजू झाली. त्यांना जुनी पेन्शन लागली. बाकीची पाकिटं माझ्या टेबलाच्या खणात दिवाळीभर पडून होती. त्या पाकिटांवर माणसाचं म्हातारपण अवलंबून आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? पण खण माझा होता.

मी त्याच्यासमोर रजिस्टर सरकवलं. "हे मी लिहिलंय," म्हणालो. पुढं बोलवेना.

त्यानं ती ओळ पाहिली. "भाऊसाहेब, पाकीट आधी आलं असतं तरी घराला कुलूपच व्हतं. आमी समदे कारखान्यावर ऊस तोडायला गेलेलो. चुलत्यानं निरोप धाडला तवा कळलं." धारूरच्या डोंगरातल्या वाडीचा माणूस तो. कोयता खाली ठेवून २१ नोव्हेंबरला रुजू झाला होता. त्यानं माझी समजूत काढली, पण मला ते पान काही केल्या मिटवेना.

प्रस्ताव चारपर्यंत तयार झाला. जाहिरात, निवड यादी, आदेश, रुजू अहवाल, पर्यायाचा नमुना. मंजुरी आली की भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडायचं आणि त्याच्या वाट्याची जमा रक्कम व्याजासह तिकडं वळवायची, हे त्याला कागदावर लिहून दिलं.

चहा घेऊन आमचा शिपाई आला तो कप ठेवून तसाच उभा. त्याचे वडील आमच्याच खात्यात चौकीदार होते, २००३ साली ड्युटीवर वारले. अनुकंपाचा अर्ज त्याच्या आईनं अंगठा लावून लगेच दिला. यादीत नाव लागून आदेश निघेपर्यंत २००७ उजाडलं.

"सर, माझी जाहिरात कुठं शोधायची?"

निर्णयात शब्द आहेत जाहिरात आणि अधिसूचना. अनुकंपाची जाहिरात कधी निघत नाही. बाप गेल्याची नोंद निघते, ती त्याच्या वडिलांच्या सेवापुस्तकात शेवटच्या पानावर आहे, तारखेसह. माझ्या मते एवढ्या कागदावर त्याला पात्र धरायला हवं. मला तसं ठरवण्याचा अधिकार नाही, पण लिहिण्याचा आहे. मी मार्गदर्शन मागणारं पत्र तयार केलं, अर्जाची २००३ ची पोच जोडली, विलंब कार्यालयाच्या पातळीवर झाला हे स्पष्ट शब्दांत घातलं. साहेबांची सही पाच वाजून वीस मिनिटांनी झाली.

बारनिशीची मुलगी म्हणाली, "काका, आता उद्या टाकते." मी रजिस्टर मागून घेतलं, १८ जुलैची तारीख घालून ओळ लिहिली, आणि पाऊस असतानाच दोन्ही पाकिटं घेऊन पोस्टाकडे निघालो.