आमची वाटचाल: शहापूरची भट्टी आणि तीस टक्के रोबस्टा

१९९६ पर्यंत सगळ्या मळेवाल्यांना आपली कॉफी खुल्या बाजारात विकायची मोकळीक मिळाली, म्हणून बेळगावात, शहापूर भागात, आमचा कॉफी भाजायचा धंदा उभा राहिला. त्याआधी माल कॉफी बोर्डाकडे जमा व्हायचा, आणि लिलावात दोन पोत्यांच्या गिऱ्हाइकाला कोण विचारणार? मग अण्णा आणि मी चिक्कमगळूरला जाऊन थेट मळ्यातून प्लँटेशन ए, म्हणजे अराबिका या सौम्य जातीचा मोठा दाणा, उचलायला लागलो. अण्णा म्हणजे माझे भागीदार. नात्याचे नव्हेत, पण उभं शहापूर त्यांना अण्णाच म्हणायचं.

भट्टी हुबळीहून आणलेली, जुनी, पाच किलोची. आतली ढवळायची पाती झिजलेली, त्यामुळे निम्मा दाणा करपायचा आणि निम्मा कच्चा राहायचा. सुटे भाग मिळेनात. अण्णांनी लाकडी पॅटर्न करून घेतला आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून पाती ओतून आणली. ओतकामात बेळगावचा हात कोण धरणार! ती पाती अजून चालू आहेत. दाणा दोनशे अंशांच्या आसपास गेला की पहिली तडतड होते. एस्प्रेसोचा, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढायच्या दाट कॉफीचा, माल आम्ही दुसरी तडतड सुरू व्हायच्या बेतात असताना काढतो. अण्णा घड्याळ बघत नसत, नमुन्याचा चमचा नाकाशी धरायचे.

मधली वर्षं फिल्टर पावडरीवर गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

टाळेबंदीनंतर घरोघरी एस्प्रेसोची यंत्रं आली आणि त्याच सुमारास गावात एक नवीन दुकान उघडलं. नाव घेत नाही, बेळगावकरांना कळेल. दारावर पाटी: ‘शंभर टक्के अराबिका’. तिथवर ठीक. पण हा गृहस्थ आमच्या हॉटेलवाल्यांकडे जाऊन सांगायचा, शहापूरवाले रोबस्टाची भेसळ करतात. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात, कडक आणि स्वस्तातली समजली जाणारी. भेसळ! आमच्या पाकिटावर पहिल्यापासून छापलंय: सत्तर टक्के चिक्कमगळूरची धुतलेली (फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली) अराबिका, तीस टक्के कोडगूची कापी रोयाल. कापी रोयाल म्हणजे धुतलेल्या रोबस्टातला निवडक, मोठा दाणा. भारताची कॉफी सर्वांत जास्त घेतो तो इटली, आणि तिथले भट्टीवाले आपला रोबस्टा एस्प्रेसोत मुद्दाम घालतात, क्रेमा, म्हणजे कपावरची तांबूस साय, जाड यावा आणि दुधातही चव उरावी म्हणून. पण पाटी वाचणाऱ्याला हे कोण सांगणार?

हॉटेलं एकेक करून गेली. त्यात २०२४ ला लंडनच्या बाजारात रोबस्टाने दराचा विक्रम केला, म्हणजे ज्याला लोक स्वस्तातला माल म्हणत होते तोच आम्हाला महाग पडायला लागला. पतसंस्थेचा हप्ता थकला. अण्णा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांनी निरोप धाडला, भट्टी विकायची तर विका, पण सत्तर-तीसचं माप बदलू नका.

भट्टी राहिली ती कॅम्पातल्या सुभेदार साहेबांमुळे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, पोराने यंत्र पाठवलेलं. एक दिवस त्या दुकानाचं पाकीट आमच्या काउंटरवर आपटून म्हणाले, “काय ओ, हा कसला आंबट काढा विकूलासा?” आमचं नव्हे, हे पाकीट बघून त्यांना कळलं. मग त्यांनी दोन्ही माल एकाच यंत्रावर लावले: अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. त्या अराबिकाची भाजणी हलकी. ती मुरायला पूड अगदी बारीक लागते आणि घरच्या ग्राइंडरला तेवढं जमत नाही, म्हणून पंधरा सेकंदांतच धार संपायची आणि कॉफी आंबट उतरायची. माल वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. वरून पाणी ओतून केली तर तीच कॉफी छान लागते. पण दूध घातल्यावर त्यांच्या कपात फक्त दूध उरलं. साहेबांनी मग मॉन्सून्ड मलबारही मागवून पाहिला. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या गोदामात दमट वाऱ्यावर फुगवलेला दाणा तो, आंबटपणा जवळजवळ नाही. त्यांना तो जरा मवाळ वाटला. तेव्हापासून माजी सैनिकांची अख्खी फळी आमच्याकडे येते, आणि फौजी माणूस उधारी ठेवत नाही.

परवा कळलं, पाटीवाल्याने ‘स्पेशल क्रेमा ब्लेंड’ काढलाय. वीस टक्के रोबस्टा. आता भेसळ कुठे गेली म्हणे?

आता विचारलं नसलं तरी सांगतो. घरी दोन ब्लेंड ताडून बघायचे तर आधी भाजल्याची तारीख बघा. भट्टीतून निघाल्यावर आठवडाभर तरी दाण्याला श्वास, म्हणजे आतला वायू, सोडू द्या, नाहीतर नुसता फेस येतो आणि त्यालाच लोक क्रेमा समजतात. ग्राइंडरवर सारखा हात मारू नका, एक आकडा बदला आणि चव घ्या. जूनपासून बेळगावात झड लागली की कालचा आकडा आज चालत नाही, डबा उघडा ठेवला तर मुळीच नाही. दूध घालून पिणार असाल तर आमचा सत्तर-तीस घ्या. काळी पिणार असाल तर नव्वद-दहा, तो सांगितल्यावर भाजून देतो. चिकोरीची फिल्टर पावडर अजूनही मिळते, पण ती एस्प्रेसोच्या यंत्रात घालू नका. जाळी चोंदते, आणि मग फोन आम्हालाच येतो.