मस्कत ते देवरूख : परदेशातून मतदानाला जाणाऱ्यांसाठी

परदेशात नोकरी करणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माणसाला आपल्या गावच्या मतदार यादीत नाव नोंदवता येते. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हा हक्क मिळाला, तरी मस्कतमधल्या माझ्या ओळखीच्या अनेक मराठी माणसांना तो अजून ठाऊक नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष मतदानाला आले ते जेमतेम तीन हजार, त्यातही बहुतेक सगळे केरळचे. कोकणातल्या घराघरातून माणसे आखातात गेलेली असताना आपण या आकड्यात जवळजवळ नसावे, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणूनच ७ मे २०२४ च्या मतदानासाठी मस्कतहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखजवळच्या माझ्या गावी केलेल्या प्रवासाची हकिगत, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा तपशिलांसह येथे देत आहे.

या प्रवासाची तयारी विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर मतदार यादीपासून सुरू करावी लागते. परदेशस्थ मतदारांसाठी नमुना ६-अ हा स्वतंत्र अर्ज असून तो निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा ॲपवरून भरता येतो. अर्जासोबत छायाचित्र आणि पासपोर्टच्या ज्या पानांवर आपला फोटो, भारतातील पत्ता व चालू व्हिसाची नोंद आहे, त्यांच्या प्रती जोडाव्या लागतात. नोंदणी होते ती पासपोर्टवरील भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात. आपल्याला सोयीच्या दुसऱ्या शहरात ती मागता येत नाही. त्यामुळे दूतावासात पासपोर्टचे नूतनीकरण करताना गावचा पत्ता पूर्ण आणि अचूक छापला जाईल याकडे लक्ष द्यावे. वाडीचे नाव गाळलेला पत्ता पुढे पडताळणीच्या वेळी अडतो. पूर्वी मतदार ओळखपत्र मिळालेले असल्यास ते परत करण्याची तरतूद या अर्जात आहे आणि परदेशस्थ मतदाराला नवे ओळखपत्र दिले जात नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

अर्ज भरल्यावर गावातील बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पासपोर्टवरील पत्त्यावर चौकशीला येतात. बहुतेक गावांत हे काम शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका सांभाळतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनी धाकट्या काकांना ओटीवर बसवून मी कोण, कुठे असतो, घर कोणाच्या नावावर आहे हे सगळे विचारले आणि काकांनी सही करण्याआधी सगळा मजकूर दोनदा वाचून घेतला. घरी अशी माहिती देणारे कोणी असेल, तर त्यांना पासपोर्टची प्रत आधीच पाठवून ठेवावी आणि चौकशी होणार असल्याचे सांगून ठेवावे. घर बंद असेल तर तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेशी स्वतःहून संपर्क साधणे बरे.

वेळेचा हिशेब येथे फार महत्त्वाचा आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत नवे नाव घेता येत नाही. आमच्या टप्प्यासाठी ही मुदत १९ एप्रिल होती आणि चौकशी, हरकती यांना लागणारे दिवस धरता अर्ज त्याच्या बराच आधी पोहोचणे आवश्यक होते. निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली. घोषणेनंतर जागे होणाऱ्याच्या हाती अगदी थोडे दिवस उरतात, म्हणून पुढच्या निवडणुकीची चर्चाही सुरू नसताना हा अर्ज भरून मोकळे व्हावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मुंबईपर्यंतचा प्रवास सोपा. खरी अडचण तेथून पुढे. मे महिना म्हणजे चाकरमान्यांच्या गावी जाण्याचा आणि आंब्याचा हंगाम. त्या वेळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, त्यामुळे मतदानाची तारीख कळली तेव्हा कोकणात जाणाऱ्या गाड्यांची प्रतीक्षा यादी लांबलेली होती. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे; पण आमच्या वेळी घोषणा आणि मतदान यांत ५२ दिवसांचेच अंतर होते, हे ध्यानात घेतले तर नव्या नियमानेही मतदानाची तारीख जाहीर होण्याच्या आधीच आरक्षण खुले होऊ शकते. मला रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये संगमेश्वर रोडपर्यंत जागा मिळाली आणि तेथून एसटीने देवरूख गाठले. जागा न मिळाल्यास मुंबईहून एसटीने किंवा खासगी बसने जाता येते. कोणत्याही परिस्थितीत मतदानाच्या आदल्या सकाळपर्यंत गावात पोहोचावे, कारण यादीतला आपला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र प्रत्यक्ष पाहून घेण्यासाठी तो दिवस हाताशी लागतो. परदेशस्थ मतदारांची नावे त्या भागाच्या यादीत शेवटी, वेगळ्या विभागात असतात. घरातल्या इतरांच्या नावांजवळ आपले नाव दिसले नाही म्हणून घाबरू नये.

मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असते. उन्हाचा विचार करून मी सकाळीच जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मोबाईल घरीच ठेवला होता आणि तेच योग्य ठरले, कारण केंद्रात तो नेता येत नाही आणि त्या वेळी गावातल्या शाळेत तो सांभाळायला कोणी नसे. इतर मतदारांना ओळखपत्राऐवजी आधार, पॅन, वाहन परवाना असे पर्याय चालतात. परदेशस्थ मतदाराला मात्र मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, त्याची प्रत चालत नाही. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांनी नेहमीच्या पानांवर माझे नाव शोधायला सुरुवात केली, तेव्हा ते शेवटच्या पानावर असल्याचे मी सांगितले आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी पान उलटून बोट ठेवले, नाव मोठ्याने वाचले, उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपापल्या प्रतींवर खूण केली. पुढे नोंदवहीत सही, डाव्या तर्जनीला शाई, चिठ्ठी आणि मग यंत्र. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅट या पडताळणी यंत्राच्या काचेआड कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते; आपण निवडलेले नाव आणि चिन्ह तेच आहे ना, हे त्या वेळात नीट पाहून घ्यावे.

परदेशातून टपालाने किंवा ऑनलाईन मत देता येईल, अशी आशा ठेवून कोणी थांबू नये. आपल्या वतीने प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले होते, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपून ते रद्दबातल झाले. आज प्रत्यक्ष केंद्रावर जाण्याला पर्याय नाही. हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही आणि रजाही सगळ्यांना मिळत नाही, हे मी जाणतो. तरी वार्षिक सुटीचे दिवस पुढेमागे करण्याची मुभा असेल, तर ती सुटी मतदानाच्या तारखेला जोडून घ्यावी आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे.

जे कायमचे गावी परततील त्यांनी परदेशस्थ मतदार म्हणून असलेली नोंद तशीच राहू देऊ नये. अशा वेळी साधा नमुना ६ भरून सर्वसाधारण मतदार म्हणून नाव नोंदवायचे असते आणि मतदार ओळखपत्रही त्यानंतरच मिळते.