जपानी ड्रिपरची निवड: व्ही६०, वेव्ह, कोनो आणि आता नेल

ओट्यावर सध्या तीन ड्रिपर, म्हणजे गाळणकागद लावून, वरून गरम पाणी ओतून कॉफी गाळायची भांडी, आहेत: हारिओचा व्ही६०, कालिताचा वेव्ह १८५ आणि कोनोचा मेइमोन. चौथं, नेल, म्हणजे फ्लॅनेलच्या कापडाचं गाळणं, फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून ठेवलंय. मागच्या नोंदीत एकटा व्ही६० होता, त्यामुळे या वेळी लिहायला बरंच आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते. ड्रिपर घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पाण्याचा वेग कोण ठरवणार? काही ड्रिपर ते काम आपल्या हातावर आणि दळणावर सोपवतात, काही स्वतःकडे ठेवतात. काच की चिनी माती, कुठला रंग, तांब्याचा घ्यावा का, हे सगळं त्यानंतर.

व्ही६० पहिल्या प्रकारातला. हारिओ ही १९२१ साली टोकियोत प्रयोगशाळेची काच बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी. हा ड्रिपर त्यांनी २००४ मध्ये आणला. साठ अंशांचा शंकू म्हणून व्ही६०. आत वळत खाली जाणारे उंचवटे, आणि तळाला एकच मोठं भोक. कागद भिंतीला चिकटत नाही, हवा बाजूने निघून जाते आणि ते भोक पाण्याला अडवत नाही. म्हणजे कॉफी किती वेळ मुरणार हे दळणाची जाडी आणि किटलीची धार ठरवते. हेच त्याचं बळ. धार जरा जाड केली की चव हलते, मध्यभागीच ओतलं की वेगळी हलते. ज्यांना रोज थोडं बदलून बघायचंय त्यांच्यासाठी याच्यासारखं साधन नाही. पण सकाळी डोळे उघडायच्या आत एक बरा कप हवा असेल, तर हा तुमचा ड्रिपर नव्हे.

तेत्सु कासुया यांनी २०१६ साली डब्लिनला वर्ल्ड ब्रूअर्स कप ही हाताने कॉफी करण्याची जागतिक स्पर्धा जिंकली ती याच ड्रिपरवर. त्यांची ४:६ पद्धत मी सगळ्या नवशिक्यांना आधी करायला सांगते. २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, साठ-साठ ग्रॅमच्या पाच धारा, दर ४५ सेकंदांनी एक. पहिल्या दोन धारांत, म्हणजे ४० टक्के पाण्यात, गोडवा आणि आंबटपणाचा तोल ठरतो. उरलेल्या ६० टक्क्यांत कडकपणा. पहिली धार ५० आणि दुसरी ७० केली तर गोडवा वाढतो, उलट केलं तर आंबटपणा उजळतो. दळण मात्र चांगलं जाड हवं, लापशी रव्याच्या जवळ जाणारं. पद्धत इतकी ठरीव असल्यामुळे बदलाचा परिणाम स्वच्छ कळतो, आणि शिकताना तेच हवं असतं.

वेव्हचं उलट. तळ सपाट, त्यात तीन छोटी भोकं, आणि वीस चुण्यांचा कागद, जो भिंतीला जेमतेम टेकतो. सपाट तळामुळे कॉफीचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा राहतो आणि छोट्या भोकांमुळे पाणी अंमळ थांबतं. तेच बी, तेच दळण, तेवढंच पाणी घेतलं तर माझ्याकडे व्ही६० अडीच मिनिटांच्या आसपास रिकामा होतो, वेव्हला सव्वातीन लागतात. माझी धार एखाद्या दिवशी वाकडीतिकडी पडली तरी वेव्ह ते पोटात घालतो. घरात दोघंतिघं आळीपाळीने कॉफी करत असतील तर मी डोळे मिटून वेव्ह सुचवेन. चिकमगळूरची एस७९५ (अरेबिकाचा एक भारतीय वाण) मध्यम भाजलेली असेल तर ती मला यातच सगळ्यात आवडते. गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्याकडे जाणारी चव गोलसर येते. १५५ की १८५? एकट्याचा कप असेल तर १५५. मी १८५ घेतला, कारण रविवारी आईबाबाही घेतात.

कोनो आपल्याकडे फारसा कुणी विचारात घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. दिसायला व्ही६०चा भाऊ: शंकू आणि एकच भोक. फरक भिंतीत आहे. याचे उंचवटे फक्त खालच्या भागात. वरचा गुळगुळीत भाग ओल्या कागदाला चिकटवून घेतो, तिथून हवा निसटत नाही, आणि पाण्याला कॉफीच्या थरातून मधोमध खाली जावं लागतं. कोनोची पारंपरिक रीत म्हणजे सुरुवातीला अक्षरशः थेंब-थेंब, फक्त मध्यभागी. वरचा थर हळूहळू फुगत जातो, पहिले गडद थेंब खाली पडायला लागतात, आणि मग कुठे धार सुरू. गडद भाजलेल्या कॉफीसाठी पाणीही कमी गरम, ८५ अंशांच्या आसपास. जपानच्या जुन्या किस्सातेनांमधली, म्हणजे पारंपरिक कॉफीघरांमधली, दाट, कडू-गोड, बराच वेळ जिभेवर राहणारी कॉफी याच वळणाची. मॉन्सून्ड मलबार (पावसाळी दमट हवेत मुरवलेली कॉफी) मी यात केली तेव्हा त्या बीची खरी ओळख पटली. व्ही६०मध्ये ती मला नेहमी मातकट आणि एकसुरी लागायची. इथे तीच भरदार झाली.

या रस्त्याने पुढे गेलं की नेल येतंच. टोकियोच्या गिंझा भागात १९४८ पासून चालणारं काफे द लाम्ब्र हे नेलचं नामांकित घर. त्याचे संस्थापक इचिरो सेकिगुची २०१८ साली १०३ व्या वर्षी गेले. कागद कॉफीतलं तेल बरंचसं धरून ठेवतो. कापड ते खाली जाऊ देतं, पण गाळ अडवतं. कॉफीला जी रेशमी जाडी येते ती या तेलामुळे. किंमत मात्र निगेत मोजावी लागते. नवं कापड आधी उकळून घ्यायचं. साबण कधीही नाही. वापरल्यावर कोमट पाण्याने चोळून धुवायचं आणि स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. वाळू दिलं तर कापडात राहिलेलं तेल खवट होतं, आणि तो वास पुढच्या प्रत्येक कपात उतरतो. ज्यांचं घरातून सतत जाणंयेणं असतं त्यांनी नेलच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर खरी गोष्ट: पैसे आधी ग्राइंडरवर घाला. साध्या प्लॅस्टिकच्या व्ही६०ला चांगल्या हातग्राइंडरची जोड द्या. ती महागड्या तांब्याच्या ड्रिपरला आणि पातं फिरवणाऱ्या मिक्सरला सहज मागे टाकेल. मिक्सरमध्ये एकीकडे कण्या राहतात, दुसरीकडे पीठ होतं. पीठ कागदाची छिद्रं बुजवतं आणि कडवटपणा आणतं, कण्या आंबट राहतात. मग ड्रिपरने वेगाची कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. जुन्या धाटणीच्या सिरॅमिक बरच्या (बर म्हणजे बी दळणारी दातेरी चाकं) हातग्राइंडरमध्ये आतलं बर एकाच बाजूने धरलेलं असतं, त्यामुळे बारीक दळताना ठीक चालतं, जाड दळताना डगमगतं. आणि पोअर-ओव्हरला, म्हणजे अशी वरून पाणी ओतून करायच्या कॉफीला, तर जाडच लागतं. दांडा वर-खाली दोन्हीकडे बेअरिंगवर बसवलेला, स्टीलचे बर असलेला ग्राइंडर बघा. ग्राइंडर जपानीच हवा असा हट्ट मी धरला नाही.

प्लॅस्टिकबद्दल लोकांच्या मनात उगीच अढी असते. पातळ प्लॅस्टिक पाण्याची उष्णता फार कमी ओढतं. चिनी मातीचा ड्रिपर आधी उकळत्या पाण्याने नीट तापवला नाही तर पहिल्याच धारेचं तापमान खाली येतं. जपानच्या आरिता भागात बनलेला चिनी मातीचा व्ही६० सुंदर दिसतो, हातात घ्यायलाही छान वाटतो. मनात भरला असेल तर जरूर घ्या, फक्त तापवायचा कंटाळा करू नका.

किटली गूजनेकच, म्हणजे लांब, बारीक, वाकड्या चोचीची हवी, विशेषतः कोनोसाठी, कारण साध्या चोचीतून थेंब पाडता येत नाहीत. टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या मावसभावाने काप्पाबाशीच्या भांडीबाजारातून माझ्यासाठी कोनो आणि गॅसवर चालणारी स्टीलची किटली आणली. त्याला मी एक गोष्ट बजावून सांगितली होती आणि तुम्हीही तुमच्या माणसांना सांगा: विजेवरचं काही आणू नका. जपानमध्ये घरचा वीजपुरवठा १०० व्होल्ट, आपला २३०. इलेक्ट्रिक किटलीसाठी दणकट ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि त्याच पैशांत इथे चांगली किटली येते. गॅसच्या किटलीचा तळ आपल्या शेगडीच्या मानाने लहान असतो, म्हणून मी पाणी पातेल्यात उकळून तिच्यात ओतते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, पाणी इथे साधारण ९८ अंशांना उकळतं. थंड किटलीत ओतताना आणखी काही अंश उतरतात. फिकट भाजलेल्या कॉफीला ते थेट चालतं. गडद असेल तर झाकण उघडं ठेवून थर्मामीटर बघत थांबायचं.

पाण्याचं एक. आरओमधून आलेलं पाणी बऱ्याचदा इतकं कोरं असतं की कॉफी सपक लागते; कॉफीतला अर्क ओढायला पाण्यात थोडे क्षार लागतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १५० पीपीएमच्या आसपास असेल तर उत्तम. मी आरओचं आणि साधं गाळलेलं पाणी मिसळते.

कागदांची तजवीज ड्रिपर घ्यायच्या आधीच करा. व्ही६०चे मला सहज मिळतात. वेव्हचे महाग पडतात, आणि वाटेत दबले तर चुण्या मोडतात; मग ते भिंतीला चिकटतात आणि वेव्हचा सगळा गुणच जातो. कोनोचे संपले तर व्ही६०चे ०२ नंबरचे वापरते, चालतात. कुठलेही असोत, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि मसाल्याच्या फळीपासून लांब. कागद वास पटकन धरतो, आणि पावसाळ्यात दमटही होतो.

वजनकाट्याला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजता आलं आणि तो मध्येच आपोआप बंद पडला नाही, तर जपानी असो वा नसो, फरक पडत नाही. खाली कॉफी जमा करायला वेगळा काचेचा सर्व्हर नसला तरी चालतं, ड्रिपर थेट आवडत्या मगवर ठेवा.

पुढच्या नोंदीसाठी ठरवलंय ते असं: एकच मॉन्सून्ड मलबार, एकच दळण, ८५ अंशांचं पाणी, आणि कोनो विरुद्ध नेल. दोन्हींत २० ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी, पहिले ४० ग्रॅम थेंबांनी. नेलचं कापड अजून नवं आहे. त्याची कोरी चव जाईपर्यंत त्यात रोजची साधी कॉफी करत राहणार, तुलना त्यानंतरच.